डोळ्यात परजीवी असल्याचा संशय आला, तर कोणता स्कॅन कधी करायचा

डोळा लाल झाला की आपल्याकडे पहिली चक्कर मेडिकलमध्ये होते. ‘डोळा आलाय, थेंब द्या’ म्हटलं की बाटली हातात पडते, आणि त्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस पुन्हा उसात कामाला लागतो. पण आत अमिबा किंवा दुसरा एखादा परजीवी असेल, तर स्टिरॉइडने फक्त सूज दबते आणि आतला जीव निवांत वाढत राहतो. पंधरा दिवसांनी असा रुग्ण यंत्रासमोर येऊन बसतो, तेव्हा मूळ आजार कुठला आणि थेंबांनी बिघडलेलं कुठलं, हे वेगळं करताना सगळ्यांचीच दमछाक होते.

मी नेत्रतपासणीच्या यंत्रांवर काम करतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि त्यांना सगळ्यात आधी बघणाऱ्या गावातल्या डॉक्टरांसाठी हे लिहितोय. माझा आग्रह एकच आहे: आधी चित्र, मग औषध. याचा अर्थ उपचार लांबवा असा अजिबात नाही. यातली बहुतेक चित्रं त्याच दिवशी, तासाभरात निघतात. निदान आणि औषध अर्थात नेत्रतज्ज्ञच ठरवणार. पण योग्य चित्र योग्य वेळी निघेल याची काळजी रुग्ण आणि घरचेही घेऊ शकतात.

पायरी १: यंत्राआधी माहिती

परजीवी कुठून आला असेल हे कळलं, तर कुठे शोधायचं ते कळतं. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी या गोष्टी आपणहून सांगा: गेल्या महिन्याभरात विहिरीत, तळ्यात, नदीत पोहलात का? पुराच्या पाण्यात उतरलात का? २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न शिरोळ-करवीरच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डोळ्यात चिखल उडाला का, उसाचा पाला लागला का? कॉन्टॅक्ट लेन्स लावून आंघोळ केली का, किंवा लेन्सची डबी नळाच्या पाण्याने धुतली का? घरात मांजर, कुत्र्याची पिल्लं, मेंढरं आहेत का? कधी फिट आली होती का? स्त्री गरोदर आहे का? आणि आतापर्यंत डोळ्यात काय काय घातलं? बाटल्या फेकू नका, सोबत आणा. मध, दूध, झाडपाल्याचा रस घातला असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

पायरी २: मोबाईलवरचा पहिला फोटो

हा फोटो घरीच काढायचा, पहिला थेंब टाकण्याआधी. दिवसा खिडकीपाशी बसवा, फ्लॅश बंद ठेवा. दोन्ही डोळे एका चौकटीत येतील असा एक सरळ फोटो काढा. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगून चार फोटो. डोळा पुढे आला असेल, पापणी उतरली असेल, एखाद्या दिशेला डोळा वळत नसेल, तर ते या पाच फोटोंत दिसतं. काही वळवळताना दिसत असेल तर फोटोऐवजी व्हिडिओ काढा. एक दीड वर्षांपूर्वीचा फोटोही शोधून ठेवा. हळूहळू पुढे आलेला डोळा घरच्यांच्या नजरेत भरत नाही, जुन्या फोटोशेजारी ठेवला की लगेच कळतो.

लहान मुलांच्या बाबतीत फ्लॅशचा फोटोही बघा. एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट दिसत असेल, तर थांबू नका. त्याबद्दल पुढे येतंच.

पायरी ३: स्लिट लॅम्प

हनुवटी टेकवून बसायचं आणि डॉक्टर प्रकाशाच्या उभ्या फटीतून डोळा बघतात, ते हे यंत्र. स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये ते पुढे आणलं, आणि आजही परजीवी शोधण्याची सुरुवात इथूनच होते. तालुक्याच्या ठिकाणीही ते सहज मिळतं. कॅमेरा जोडलेला नसेल तर आयपीसला मोबाईल टेकवून चांगला फोटो निघतो. डॉक्टरांना तसा फोटो काढून द्यायला सांगायला संकोच करू नका. जखमेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहिलेली असली पाहिजे. ‘लहान व्रण’ एवढ्या नोंदीचा पुढच्या खेपेला काही उपयोग होत नाही.

इथून वाट फुटते. त्रास बुबुळावर आहे, आतल्या पडद्यावर आहे की डोळ्याच्या मागच्या खोबणीत, यावर पुढचं यंत्र ठरतं.

बुबुळावर दुखणं असेल तर

इथला सगळ्यात चिवट शत्रू अकांथअमिबा. तो माती, विहीर, नळ, टाकी सगळीकडे असतो. परदेशात हा लेन्स लावणाऱ्यांचा आजार मानला जातो. भारतातल्या रुग्णांत मात्र मोठा भाग लेन्स कधीच न लावलेल्या, माती-पाण्यात काम करणाऱ्यांचा असतो. डोळ्यात दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं, नागिणीच्या विषाणूचं किंवा बुरशीचं औषध चालू असूनही न हटणारा व्रण, आणि पुढच्या टप्प्यावर बुबुळात उमटणारी पांढरी कड्यासारखी वर्तुळाकार रेघ, या खुणा दिसल्या की अमिबाचा विचार व्हायलाच हवा.

इथे उपयोगी पडतो कॉन्फोकल मायक्रोस्कोप. डोळा बधिर करून, जेल लावून, भिंगाचं टोक बुबुळाला अलगद टेकवतात आणि थर-थर करत आतल्या पेशींचे फोटो घेतात. नेहमीच्या लेसर कॉन्फोकलची एक चौकट जेमतेम ४०० बाय ४०० मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यामुळे एकाच जागेचा फोटो काढून ‘काही नाही’ म्हणता येत नाही. व्रणाचा मध्य, कडा आणि आजूबाजूच्या मज्जातंतूंच्या रेषा सगळं फिरून बघावं लागतं. अमिबाच्या गाठी साधारण १० ते २५ मायक्रॉनच्या, चमकदार, गोल दिसतात, आणि नशीब असेल तर दुहेरी भिंत स्पष्ट दिसते. पण सुजेतल्या पांढऱ्या पेशीही चमकतात. म्हणून हा फोटो एकटा कधीच पुरा पडत नाही. सोबत व्रण खरवडून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा. क्रम असा ठेवा: स्लिट लॅम्प फोटो, मग कॉन्फोकल, मग खरवडणं. आधी खरवडलं तर वरचा थर निघून जातो आणि कॉन्फोकलला बघायला उरतं ते विस्कटलेलं.

हे यंत्र प्रत्येक शहरात नसतं. बुबुळाच्या मोठ्या केंद्रांत असतं. निघण्याआधी फोन करून यंत्र आणि ते चालवणारा माणूस त्या दिवशी आहेत का, हे विचारून घ्या. आणि यंत्र नाही म्हणून नमुना घ्यायचं थांबवू नका. खरवडून घेतलेला नमुना कॅल्कोफ्लुअर व्हाइट या चमकणाऱ्या रंगाने रंगवून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघितला, तर अमिबाच्या गाठी दिसू शकतात.

पावसाळ्यात दिसणारा दुसरा प्रकार म्हणजे मायक्रोस्पोरिडिया. शास्त्रज्ञ आता त्यांना बुरशीच्या जवळचे मानतात, पण नेत्ररुग्णालयात अजून परजीवींच्या यादीतच त्यांची नोंद होते. चिखल किंवा साचलेलं पाणी डोळ्यात गेल्यावर बुबुळाच्या वरच्या थरावर विखुरलेले, थोडे उंच, भरड ठिपके येतात. स्लिट लॅम्पचा फोटोच पुष्कळ सांगून जातो. बहुतेकांचा आजार वरवरचा राहतो.

पडद्यावर दुखणं असेल तर

अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं आणि डोळा फारसा लालही नाही, तर दुखणं आत दृष्टिपटलावर, बोलीत पडद्यावर, असू शकतं. बाहुली मोठी करून पडद्याचा रंगीत फोटो काढतात.

टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचं चित्र एकदा बघितलं की विसरत नाही. आतलं पारदर्शक जेल सुजेने धूसर झालेलं असतं आणि त्यातून पांढरा, कडा विरलेला डाग दिसतो. गगनबावड्याच्या घाटात दाट धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा दिसतो, अगदी तसा. त्या डागाला लागून बहुतेकदा एक जुना, काळपट कडांचा व्रण असतो. म्हणजे परजीवी कित्येक वर्षांपासून तिथेच झोपलेला होता आणि आता व्रणाच्या कडेने पुन्हा जागा झालाय. रक्ताची आयजीजी (प्रतिपिंडांची) तपासणी पॉझिटिव्ह येणं याचा अर्थ आयुष्यात कधीतरी संसर्ग झाला होता एवढाच. आपल्याकडे तशी माणसं पुष्कळ आहेत. म्हणून निदानाचा मोठा भार पडद्याच्या चित्रावरच पडतो. आणि तांबड्या रश्श्याला घाबरू नका. नीट शिजलेल्या मटणात हा परजीवी तगत नाही. कच्चं मटण हाताळल्यावर न धुतलेले हात, अर्धवट भाजलेले तुकडे आणि मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती यांची काळजी घ्या.

पुढचं यंत्र ओसीटी. १९९१ मध्ये हे तंत्र जगापुढे आलं. डोळ्याला न टेकता, प्रकाशाच्या मदतीने पडद्याचा उभा छेद ते दाखवतं. संसर्ग जागा असतो तेव्हा पडद्याचे आतले थर जाड, पांढरट आणि एकमेकांत मिसळलेले दिसतात. तो शांत झाला की तीच जागा पातळ होते, थर पुन्हा वेगळे दिसतात किंवा कायमचे गळून गेलेले असतात. डाग नजरेच्या मध्याजवळ असेल तर हा स्कॅन लागतोच. हाताच्या नसेत रंग टोचून काढायची अँजिओग्राफी प्रत्येकाला लागत नाही. रक्तवाहिन्यांना सूज आहे किंवा पडद्याखाली नव्या वाहिन्या वाढल्याचा संशय आहे, तेव्हाच ती करतात.

पडद्याखाली जिवंत कृमी फिरत असल्याचे रुग्ण क्वचित सापडतात. या आजाराचं डॉक्टरी नाव, डिफ्यूज युनिलॅटरल सबअॅक्यूट न्यूरोरेटिनायटिस, ऐकायला अवघड आहे, पण शोधण्याची रीत सोपी. पडद्याचे बरेच फोटो काही मिनिटांच्या अंतराने काढायचे आणि एकावर एक ठेवून बघायचे. बाकी सगळं जागच्या जागी असतं, एक बारीक पांढरी वळवळीत रेघ तेवढी सरकलेली असते. सापडली तर तिच्यावर लगेच लेसर मारता येतो. म्हणून हा शोध लेसर आहे तिथेच घ्यावा. सापडलेली कृमी ‘उद्या लेसर करू’ म्हटल्यावर उद्या त्याच जागी नसते.

आता ती पांढरी बाहुली. कुत्र्याच्या पिल्लांच्या विष्ठेतून मातीत आलेली टोक्सोकारा या कृमीची अंडी मुलांच्या पोटात जातात, अळी डोळ्यात पोचून गाठ करते आणि बाहुली पांढरी दिसते. पण डोळ्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, हाही तसाच दिसतो. म्हणून आधी सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे एमआरआय करून कर्करोग बाजूला काढतात. गाठीत कॅल्शियमचे चमकदार कण दिसले तर कर्करोगाकडे बोट जातं. टोक्सोकारात गाठीपासून निघणारा ओढलेला पट्टा दिसू शकतो. शक्य तिथे मुलांमध्ये सीटी टाळतात, कारण किरणोत्सर्ग. आणि कर्करोग नाही हे पक्कं होईपर्यंत त्या डोळ्यात सुई घालत नाहीत.

डोळ्यामागे गाठ असेल तर

‘आम्ही माळकरी, डुकराचं मांस शिवतसुद्धा नाही, मग हे आम्हाला कसं?’ सिस्टिसर्कोसिसचं, म्हणजे फीतकृमीच्या अळीच्या गाठीचं, निदान ऐकल्यावर हा प्रश्न हमखास येतो. हा आजार मांस खाऊन होत नाही. माणसाच्या पोटातल्या फीतकृमीची अंडी विष्ठेतून पाण्यात, भाजीवर येतात आणि न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून, मुळ्यातून शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात. अळी रक्तातून फिरत डोळ्याच्या स्नायूत, पांढऱ्या भागाखाली, पडद्याखाली किंवा आतल्या जेलमध्ये बसते.

इथे राजा आहे तो बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. बंद पापणीवर जेल लावून प्रोब ठेवतात, दुखत नाही, किरणोत्सर्ग नाही. स्क्रीनवर डोळा काळा गोल दिसतो. त्याच्या कडेने स्नायू फुगलेला असतो आणि स्नायूच्या जाडीत एक काळी, स्वच्छ कडांची पोकळी असते. त्या पोकळीच्या आतल्या भिंतीला चिकटून एक पांढरा ठिपका दिसतो. तेच अळीचं डोकं. मी यंत्राचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, हळूहळू कमी करत जातो. आजूबाजूची चरबी, स्नायू फिकट होत विरतात, तो ठिपका मात्र उजळच राहतो. तेवढ्यावर निदान जवळजवळ पक्कं होतं.

यानंतरचा क्रम चुकवू नका. कृमी मारणाऱ्या अल्बेंडॅझोलची पहिली गोळी घेण्याआधी मेंदूचा सीटी किंवा एमआरआय झालाच पाहिजे. मेंदूतही गाठी असतील, तर गोळीने त्या मरताना भोवती सूज येते आणि फिट येऊ शकते. आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या आत अळी नाही हेही बघून घ्यायला हवं. आत असेल तर गोळीने ती तिथेच मरते आणि अशी सूज उठते की डोळाच जाऊ शकतो. तिथे आधी शस्त्रक्रियेने ती काढतात. गाठ फक्त स्नायूत असेल, तर साधारण महिनाभर वजनाप्रमाणे अल्बेंडॅझोल आणि सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. सुरुवातीला ज्याच्याविरुद्ध एवढं लिहिलं तेच स्टिरॉइड इथे औषध ठरतं, कारण आता कुठे काय आहे हे चित्रात दिसलेलं असतं.

मेंढपाळ कुटुंबांत आणि कुत्र्यांच्या सहवासात राहणाऱ्यांत कुत्र्याच्या फीतकृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिड गाठीचाही विचार करावा. डोळा महिनोन्महिने, न दुखता पुढे येत जातो. सोनोग्राफीत एकच मोठी, दुहेरी भिंतीची गाठ दिसते. तिला सुई लावू देऊ नका. फुटली तर अंगभर तीव्र अॅलर्जी येऊ शकते. सोबत यकृताची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या.

वळवळ जाणवत असेल तर

मेंढरांच्या मागे फिरणाऱ्या धनगर बांधवांना हे पटकन कळतं: डोळ्यावर माशी आपटल्यासारखं झालं आणि थोड्या वेळाने आत काहीतरी सरपटायला लागलं. मेंढरांच्या नाकात अळ्या घालणारी एस्ट्रस ओव्हिस ही माशी उडता उडता माणसाच्या डोळ्यातही अळ्या टाकते. जेमतेम मिलिमीटरभर, पारदर्शक, पुढे काळे, हुकासारखे आकडे. स्लिट लॅम्पचा उजेड पडला की त्या पापणीआड पळतात. त्यामुळे बघणाऱ्याने उजेड कमी ठेवावा आणि पापण्या उलटून वरचे-खालचे कोपरे तपासावेत. आधी व्हिडिओ, मग डोळा बधिर करून चिमट्याने एकेक अळी काढायची. नंतर एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यावा.

डासांमार्फत कुत्र्यांकडून माणसात येणारा डायरोफिलेरिया हा कृमीही पांढऱ्या भागाखाली लांब दोऱ्यासारखा दिसतो. घरी काढलेला व्हिडिओ इथे सोन्यासारखा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत तो आत सरकलेला असतो. मग सोनोग्राफीत शोधावा लागतो.

देखरेख: पुढचे स्कॅन कधी

इथे सगळ्यात जास्त रुग्ण गळतात. दिसायला लागलं की माणूस परत येत नाही.

अमिबाचा उपचार महिनोन्महिने चालतो. सुरुवातीला दर काही दिवसांनी स्लिट लॅम्प फोटो आणि व्रणाचं माप, मग अंतर वाढवत न्यायचं. कॉन्फोकलमध्ये मेलेल्या गाठीही बरेच दिवस दिसत राहतात. त्यामुळे चमकदार ठिपके दिसले म्हणून घाबरू नका आणि दुखणं कमी झालं म्हणून थेंबही सोडू नका.

टोक्सोप्लाझ्मात साधारण सहा आठवडे औषध असतं. पहिला फेरतपास आठवड्याभरात, नंतर दोन-तीन आठवड्यांनी. डागाच्या कडा विरलेल्या होत्या त्या ठसठशीत झाल्या, कडेला काळपटपणा आला, ओसीटीत जाडी उतरली आणि जेल स्वच्छ झालं, की तो बरा होतोय. उपचार संपल्यावर काढलेला फोटो सगळ्यात महत्त्वाचा. पुन्हा कधी धूसर दिसलं, तर त्याच व्रणाच्या कडा त्या फोटोशी ताडून बघतात.

स्नायूतल्या सिस्टिसर्कोसिसमध्ये औषध संपताना बी-स्कॅन पुन्हा करतात. आधी आतला पांढरा ठिपका नाहीसा होतो, मग पोकळी आक्रसते. ठिपका अजून दिसत असेल तर डॉक्टरांना तसं विचारा. स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, डोळ्याची तीच दिशा ठेवून करा. यंत्र बदललं की मापं थोडी बदलतात आणि गाठ वाढली की कमी झाली, हे सांगता येत नाही.

तपासणीच्या दिवशी

बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. दुचाकी घेऊन येऊ नका. वडाप, एसटी किंवा केएमटीने या, आणि सोबत कोणीतरी असू द्या. लेन्स काढून, डबी आणि पाण्यासकट घेऊन या, कारण तीही प्रयोगशाळेत पाठवता येते. अँजिओग्राफीआधी अॅलर्जी, दमा, किडनीचा आजार, गरोदरपण सांगा. नंतर दिवसभर लघवी पिवळी-केशरी होते, त्वचाही पिवळसर दिसते. ते आपोआप जातं.

शिरोलीच्या फाउंड्रीत, उद्यमनगरात लेथ किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनी एमआरआयआधी एक गोष्ट न चुकता सांगावी: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? चुंबकाने तो आत सरकून डोळा फाडू शकतो. शंका असेल तर आधी एक्स-रे किंवा सीटी करतात. पेसमेकर असेल तर तेही सांगा.

फाईल कशी ठेवायची

सोनोग्राफीचा चकचकीत कागद उन्हात आणि उष्णतेत फिका पडतो, वर्षभरात कोरा दिसायला लागतो. त्याच दिवशी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ओसीटी, सीटी, एमआरआयची छापील प्रत तर घ्याच, पण मूळ फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि बारीक ठिपके पुसले जातात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. प्रत्येक चित्रावर तारीख आणि बाजू आहे ना, ते खोलीतून बाहेर पडण्याआधी बघा. रिपोर्टात ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा, खासगीत दाखवा, की पुण्या-मुंबईला जा, पहिल्या दिवसापासूनची सगळी चित्रं तारखेच्या क्रमाने एकाच फाईलमध्ये लावून न्या, आणि त्यांच्याशेजारी कुठल्या तारखेला कुठलं औषध सुरू झालं आणि कधी बंद झालं, ते लिहून ठेवा.